रानात आणि शहरात तग धरण्याचे आपले ज्ञान कसे तपासावे

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या लातूरच्या घरी सुट्टीला जमलेल्या सात जणांनी एक लेखी परीक्षा दिली. प्रश्न वीस होते, वेळ अर्धा तास होता आणि प्रत्येक उत्तरापुढे ‘खात्री’, ‘अंदाज’ किंवा ‘माहीत नाही’ यांपैकी एक शब्द लिहायचा होता. ‘शेतात पायाला साप चावला तर पहिल्या पाच मिनिटांत काय कराल?’ या प्रश्नाला पाच जणांनी ‘चाव्याच्या वर दोरी घट्ट आवळून बांधू’ असे लिहिले आणि त्या पाचही जणांनी पुढे ‘खात्री’ असे ठामपणे लिहून ठेवले. त्या पाचांत मीही होतो. दोरी आवळल्याने विष थांबत नाही, उलट पायाचा रक्तपुरवठा तुटून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते, हे मला त्या दिवशी उत्तरे पडताळून पाहताना कळले.

ज्याला एखादी गोष्ट माहीत नसते तो माणूस निदान थांबतो, शेजाऱ्याला हाक मारतो किंवा फोन करतो. ज्याला चुकीची गोष्ट ठामपणे माहीत असते तो मात्र लगेच हात चालवतो आणि त्यातच वेळ जातो. म्हणून पुढे दिलेली चाचणी मुख्यतः ‘खात्री’ लिहिलेली चुकीची उत्तरे हुडकून काढण्यासाठी आहे. एकूण गुण किती पडले याला तिच्यात फारसे महत्त्व नाही.

पहिली पायरी : आपल्या तालुक्याची प्रश्नपत्रिका

एक साधी दोनशे पानी वही घ्यावी आणि प्रश्न स्वतःच तयार करावेत. बर्फात घर कसे बांधावे किंवा वाळवंटात उंट हरवला तर काय करावे, असे प्रश्न करमणुकीला ठीक असतात, परंतु नांदेडला गोदावरीकाठी राहणाऱ्याला पुराचा प्रश्न हवा, कन्नडजवळ गौताळ्याच्या जंगलाला लागून राहणाऱ्याला बिबट्याचा आणि आग्या मोहोळाचा हवा, आष्टी-पाटोद्याकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला फडातल्या सापाचा हवा, आणि छत्रपती संभाजीनगरात चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याला जिन्यातल्या धुराचा हवा. आपल्या जागेवर आजवर काय काय घडून गेले आहे, हे वडीलधाऱ्यांना विचारले तर अर्धी प्रश्नपत्रिका तयार होते. लातूर-धाराशिवकडे कोणीही १९९३ चा भूकंप सांगेल. हिंगोलीकर मार्च २०२४ आणि जुलै २०२४ मधले धक्के सांगतील. २०१६ च्या एप्रिलपासून मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, ती टंचाई तर शाळकरी मुलांनाही ऐकून ठाऊक असते. आणि सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत पाण्याने वेढलेली गावे अजून कोणी विसरलेले नाही.

प्रश्न मोघम नसावा. ‘उष्माघात झाल्यास काय कराल?’ असा प्रश्न विचारला की पाठ केलेले उत्तर येते. त्याऐवजी महिना, वेळ, जागा, सोबत कोण आहे आणि हाताशी काय आहे, हे सगळे प्रश्नातच सांगावे. उदाहरणार्थ, ‘मे महिना, दुपारचे दोन वाजले आहेत, शेतातल्या आखाड्यावर तुम्ही आणि साठ वर्षांचे काका असे दोघेच आहात, हौदात पाणी आहे, मोटारसायकल आहे, काका अचानक असंबद्ध बोलू लागले आहेत आणि त्यांचे अंग भाजल्यासारखे तापले आहे, पहिल्या दहा मिनिटांत क्रमाने काय कराल?’ असा प्रश्न असला की उत्तरात कृती लिहावी लागते, आणि क्रम चुकला की तोही दिसतो.

उत्तरे लिहिताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. शक्यतो घरातील दोघातिघांनी वेगवेगळे लिहावे, कारण घरातल्या सगळ्यांची चूक एकसारखी निघाली की ती कुठून आली हे लगेच लक्षात येते. आमच्या घरातली दोरीची समजूत आजोबांपासून आलेली होती.

दुसरी पायरी : उत्तरे पडताळणे

येथे घाई करू नये. काही प्रश्न आणि त्यांची आज मान्य असलेली उत्तरे पुढे दिली आहेत. आपल्या वहीतली उत्तरे त्यांच्याशी ताडून पाहावीत. राहिलेली उत्तरे प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर, अग्निशमन दलाचे जवान किंवा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षातील माणसे यांना विचारावीत. नीट विचारले तर ही मंडळी आनंदाने सांगतात, असा माझा अनुभव आहे.

सापाच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की माणसाला निजवावे किंवा बसवावे, चालू देऊ नये, चावलेल्या पायातील जोडवी, पैंजण किंवा हातातील अंगठी-कडे सूज येण्याआधी काढावे, मोडलेल्या हाडाला जशी फळी बांधतात तशी फळी सैलसर बांधून तो अवयव हलू देऊ नये, चावल्याची वेळ लक्षात ठेवावी आणि १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. जखम कापणे, तोंडाने विष ओढणे, बर्फ लावणे, देवळात नेणे आणि साप मारण्याच्या मागे लागणे, या सगळ्यांना शून्य गुण द्यावेत. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते, त्यामुळे साप पकडून नेण्याची गरज नसते. मण्यारीविषयी एक पुरवणी प्रश्न अवश्य ठेवावा : ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, चाव्याची खूण अनेकदा दिसतही नाही, आणि पहाटे पोटात दुखून पापण्या जड होऊ लागतात. पावसाळ्यात पहाटे पोटदुखीने उठलेल्या आणि पापण्या मिटू लागलेल्या माणसाच्या बाबतीत सापाचा संशय कोणाच्या मनात येतो, हे या प्रश्नाने कळते. बाजेवर आणि मच्छरदाणी खोचून झोपणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

विंचवाचा प्रश्न लाल विंचवावर काढावा. दंशानंतर नुसते दुखत असेल तर गोष्ट वेगळी, परंतु दरदरून घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली तर, विशेषतः लहान मुलांत, एक मिनिटही दवडू नये. या दंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते हे दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावसकर मूळचे जालना जिल्ह्यातले. महाडला रुग्ण तपासता तपासता त्यांनी हे काम केले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उतारा टाकणाऱ्याकडे जाण्याआधी ही गोष्ट घरात एकदा सांगून ठेवावी.

वर दिलेल्या काकांच्या प्रश्नाला ‘पाणी पाजू’ हे उत्तर सर्वाधिक येते आणि तेच धोक्याचे आहे. शुद्ध हरपू लागलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते. आधी सावली, मग अंगावरचे जाडे कपडे सैल करणे, मग हौदातले पाणी अंगभर ओतत राहणे, वारा घालणे, मान, काखा आणि जांघा यांवर ओली फडकी ठेवणे, आणि हे चालू असतानाच १०८ ला फोन, असा क्रम आहे. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असते आणि ते खाली आणणे हेच त्या वेळचे औषध असते, म्हणून वाहनाची वाट पाहत नुसते बसून राहू नये. खिशातल्या कांद्याने ऊन लागत नाही ही समजूत किती जणांनी ‘खात्री’ म्हणून लिहिली, हे मोजावे. आमच्याकडे तिघे निघाले. कांदा खिशात ठेवण्याने काही बिघडत नाही, परंतु कांदा आहे म्हणून टोपी आणि पाण्याची बाटली घरी ठेवली तर सगळेच बिघडते.

विजेच्या प्रश्नात तीन समजुती ठरलेल्या असतात : मोबाईल वीज ओढतो, झाडाखाली निदान भिजत तरी नाही, आणि वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर आपल्यालाही झटका बसतो. तिन्ही समजुती टाकून द्याव्यात. मोबाईल वीज ओढत नाही. बांधावरचे एकटे कडुलिंबाचे झाड हा शिवारातला सर्वांत वाईट आडोसा आहे. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात विद्युतभार शिल्लक राहत नाही, त्याला लगेच हात लावावा, आणि श्वास थांबला असेल तर छाती दाबणे ताबडतोब सुरू करावे. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात किंवा बंद मोटारगाडीत जावे आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास तेथेच थांबावे. मोकळ्या रानात सापडलात तर एकमेकांपासून दूर व्हावे, पाय जुळवून उकिडवे बसावे आणि आडवे मात्र पडू नये. लखलखाट आणि आवाज यांच्यात तीन सेकंद गेले तर वीज सुमारे एक किलोमीटरवर असते. हा हिशेब घराच्या आत बसून एकदोन वळवाच्या पावसात करून पाहावा म्हणजे अंगवळणी पडतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे अॅप फोनवर घेऊन ठेवणाऱ्याला एक गुण वाढवून द्यायला हरकत नाही.

दिशेच्या प्रश्नात तर मी स्वतः दुसऱ्यांदा नापास झालो. ‘भर दुपारी सावली उत्तरेकडे पडते’ असे मी खात्रीने लिहिले होते. वर्षातले बहुतेक महिने ते खरे असते. परंतु मराठवाडा साधारण १८ ते २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, आणि मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, म्हणून त्या काळात दुपारची आखूड सावली दक्षिणेकडे पडते. काठीची रीत मात्र बारा महिने कामाला येते. सपाट जागी काठी उभी रोवावी, सावलीच्या टोकाला खडा ठेवावा, वीस मिनिटांनी नव्या टोकाला दुसरा खडा ठेवावा. पहिला खडा पश्चिमेकडचा आणि दुसरा पूर्वेकडचा. रात्री ध्रुवतारा शोधताना लोक आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा धरतात, हीदेखील चूक आहे, कारण ध्रुव मध्यम तेजाचा आहे. हात सरळ लांब करून मूठ धरली तर ती आकाशाचे सुमारे दहा अंश झाकते, आणि आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम दोन मुठींवर असतो. गच्चीवर जाऊन उत्तरेकडे मुठीवर मूठ ठेवून पाहा. एकदा सापडला की पुन्हा हरवत नाही.

पाण्याच्या प्रश्नात तुरटीला पूर्ण गुण देऊ नयेत. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी आधी फडक्यातून गाळून खळखळ उकळी येऊ द्यावी आणि ती एक मिनिट टिकू द्यावी. सरपण नसेल तर नितळ पाणी प्लॅस्टिकच्या पारदर्शक बाटलीत भरून कडक उन्हात सहा तास आडवे ठेवावे. आभाळ असेल तर दोन दिवस लागतात. मात्र बोअरच्या पाण्यातले फ्लोराइड आणि नायट्रेट उकळून जात नाहीत, आणि औषध फवारणीच्या डब्यातून सांडलेले विषही जात नाही. म्हणून फवारलेल्या शेतातल्या चरीचे पाणी कितीही उकळले तरी पिऊ नये.

खाण्याचा प्रश्न मी मुद्दाम एकच ठेवतो. माणूस पाण्याशिवाय फार तर काही दिवस काढतो, परंतु अन्नाशिवाय काही आठवडे तग धरू शकतो, तेव्हा दोन दिवसांच्या अडचणीत अनोळखी फळे-बिया चाखण्याचे कारणच नसते. चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुले खातात आणि रुग्णालयात भरती होतात. धोतरा, गुंज, एरंडी आणि कण्हेर हीही मुलांना नुसत्या नावाने नव्हे तर झाडे दाखवून ओळखायला शिकवावीत.

आड किंवा विहीर साफ करायला उतरलेला माणूस खाली बेशुद्ध पडला आहे, तुम्ही काठावर आहात, या प्रश्नाला ‘मी उतरेन’ असे उत्तर देणाऱ्यांचे मन मोठे असते, परंतु ते उत्तर जीवघेणे आहे. बऱ्याच दिवसांच्या बंद आडात कार्बन डाय ऑक्साइडसारखा जड वायू साचतो, प्राणवायू कमी असतो, आणि एकापाठोपाठ एक उतरणारे सगळेच त्यात सापडतात. श्वासाच्या उपकरणाशिवाय कोणीही उतरू नये, दोर आधीच कमरेला बांधलेला असेल तरच वरून ओढावे, आणि अग्निशमन दलाला बोलवावे. दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत अर्धीच खरी आहे : दिवा विझला तर उतरू नये हे नक्की, पण दिवा जळत राहिला म्हणजे आड निर्धोक आहे असे होत नाही, आणि आत पेट घेणारा वायू असेल तर दिवाच घात करतो.

पुराच्या प्रश्नात आकडा मागावा. नळकांडी पुलावरून पाणी वाहत आहे, पलीकडे घर आहे, पाणी किती असेपर्यंत जाल? जोराच्या वाहत्या पाण्यात घोट्याच्या थोडे वर, म्हणजे सुमारे पंधरा सेंटिमीटर पाणीदेखील माणसाला पाडू शकते. तीस सेंटिमीटर पाण्यात लहान मोटारगाडी तरंगू लागते. शिवाय पाण्याखाली पूल शिल्लक आहे की वाहून गेला आहे, हे गढूळ पाण्यात दिसत नाही. योग्य उत्तर ‘जाणार नाही’ एवढेच आहे, आणि ते लिहिणारे पुष्कळ असले तरी पोळ्याच्या किंवा लग्नाच्या दिवशी ते पाळणारे थोडेच असतात.

भूकंपाचे उत्तर घर पाहून बदलते, म्हणून येथे एकच उत्तर सगळ्यांनी लिहिले तर संशय घ्यावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसर हादरला तेव्हा गणेश विसर्जनाहून परतून माणसे गाढ झोपेत होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर लाकडावर मातीचे जड माळवद असलेली घरे कोसळली आणि सुमारे दहा हजार माणसे दगावली. अशा घरात दाराजवळ असाल तर पहिल्या हादऱ्याला बाहेर मोकळ्यात निघावे. चांगल्या बांधलेल्या सिमेंट-काँक्रीटच्या घरात मात्र जिन्याकडे धावू नये. खाली बसावे, मजबूत टेबलाखाली डोके-मान झाकावी, टेबलाचा पाय धरून ठेवावा आणि हादरा थांबल्यावर बाहेर पडावे. लिफ्ट वापरू नये. ‘दाराच्या चौकटीत उभे राहावे’ हे उत्तर जुने झाले आहे.

शहरी घरातले बाकीचे प्रश्न थोडक्यात. गॅसचा वास आला तर दिवा लावू नये आणि लागलेला विझवूही नये, बटणाच्या ठिणगीचाच धोका असतो. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करावा. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून वरची झडप उघडून काम भागत नाही, दार उघडावे लागते. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नये, शेगडी बंद करून झाकण सरकवावे. जिन्यात धूर असेल तर उभ्याने पळू नये, जमिनीलगत हवा बरी असते. मोटारीच्या स्टार्टरला चिकटलेल्या माणसाला हाताने ओढू नये, आधी वीज तोडावी. भाजलेल्या जागेवर टूथपेस्ट, शाई, हळद असे काहीही न लावता वीस मिनिटे वाहते साधे पाणी सोडावे.

तिसरी पायरी : हाताची परीक्षा, घड्याळ लावून

कागदावर बरोबर आलेले उत्तर हाताला येते का, हे येथे पाहायचे. आमच्या घरी पहिला प्रयोग जलसंजीवनीचा केला. एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण सातही जणांनी बरोबर लिहिले होते. मग मी स्वयंपाकघरातला रोजचा चमचा आणि मुलांच्या खोकल्याच्या औषधाबरोबर येणारे खुणांचे छोटे झाकण शेजारी ठेवले. पाच मिलिलिटरची खूण गाठायला आमचा चमचा पूर्ण भरावासुद्धा लागला नाही. तो भरला की झाकणातले पाणी साडेसातच्या खुणेला टेकत होते. म्हणजे पाठ केलेले प्रमाण बरोबर आणि पेल्यातले मीठ दीडपट. लहान मुलाला जास्त मीठ घातक ठरू शकते. त्या दिवसापासून औषधाचे एक झाकण मिठाच्या डब्यातच ठेवले आहे, आणि तयार पाणी अश्रूंपेक्षा खारट लागले तर ते ओतून देण्याचा नियम केला आहे. अर्थात दुकानातली तयार पुडी घरात असेल तर हा सगळा खटाटोपच करावा लागत नाही.

दुसरा प्रयोग अंधाराचा. रात्री नऊ वाजता घरातल्यांना आधी न सांगता मुख्य बटण बंद करावे आणि घड्याळ लावावे. विजेरी सापडायला किती वेळ लागला, गॅसचा रेग्युलेटर चाचपून बंद करता आला का, दाराची वरची कडी मुलांच्या हाताला येते का, आजींना बाहेर कोणी आणले, चपला कुठे होत्या, हे लिहून काढावे. आमची विजेरी लवकर सापडली, पण तिच्यातल्या सेलमधून पांढरट-हिरवट खार बाहेर येऊन स्प्रिंग गंजली होती. तेव्हापासून आम्ही सेल विजेरीबाहेर, तिलाच रबराने बांधून ठेवतो.

तिसरा प्रयोग फोनचा आहे, आणि तो कोणाच्याही अपेक्षेपेक्षा अवघड जातो. १०८ किंवा ११२ ला चाचणी म्हणून फोन मुळीच करू नये. घरातल्याच एकाने पलीकडच्या खोलीत बसून फोन घेणारा व्हावे आणि ‘तुम्ही कुठे आहात?’ एवढेच विचारावे. ‘मारुतीच्या पाराजवळ’ हे उत्तर येईल. मारुतीचा पार नसलेले गाव मराठवाड्यात शोधून सापडणार नाही! जिल्हा, तालुका, गाव, कोणत्या रस्त्यावरचा कोणता फाटा, फाट्यापासून किती अंतर, मोठ्या रस्त्यावर असाल तर किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, आणि रस्त्यावर कोण उभे राहून हात दाखवणार, इतके एका दमात सांगता यायला हवे. फोनच्या नकाशावरून अक्षांश-रेखांश वाचून दाखवण्याचाही सराव करावा. दशांश चिन्हापुढचे चार आकडे सांगितले की जागा दहा-अकरा मीटरच्या आत सापडते. हे वाक्य तयार करून आखाड्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवणारे एक शेतकरी माझ्या ओळखीचे आहेत आणि मला ती युक्ती कोणत्याही अॅपपेक्षा अधिक भरवशाची वाटते.

छाती दाबण्याचा सराव माणसावर करू नये. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, इतके वाचून कळते. परंतु सलग दोन मिनिटे ते करताना दम कसा लागतो हे प्रशिक्षणातल्या पुतळ्यावरच कळते. रेड क्रॉससारख्या संस्थांच्या प्रथमोपचार वर्गात ते शिकवतात.

चौथी पायरी : रानातला एक दिवस

ही परीक्षा डिसेंबर किंवा जानेवारीत, ओळखीच्या शिवारात, दोघांनी मिळून आणि उजेडात द्यावी. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ अंशांवर असताना स्वतःची सहनशक्ती मोजायला निघणे हा मूर्खपणा आहे. गौताळा किंवा येडशी रामलिंग घाट यांसारख्या अभयारण्यांत वनखात्याची परवानगी आणि त्यांचे नियम पाळूनच जावे. कुठे जात आहोत, कोणत्या वाटेने, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा, हे घरी कागदावर लिहून द्यावे. हा कागद लिहिणे हाच या परीक्षेचा पहिला प्रश्न समजावा, आणि तो चुकला तर उरलेली परीक्षा त्या दिवशी देऊ नये.

निघण्याआधी आणि परतल्यावर घरच्या काट्यावर वजन करावे. एक किलो वजन कमी झाले असेल तर जवळजवळ एक लिटर पाण्याची तूट झालेली असते. सोबत नेलेले पाणी, प्यायलेले पाणी आणि ही तूट एकत्र लिहिली की आपल्याला तासाला किती पाणी लागते याचा स्वतःचा आकडा मिळतो, आणि पुस्तकातल्या सरासरीपेक्षा तोच उपयोगी असतो. माझा आकडा जानेवारीच्या सकाळी बालाघाटाच्या उतारावर तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास निघाला. उन्हाळ्यात तो वाढणार हे धरूनच चालावे लागते.

फोन खिशातच ठेवून काठीच्या सावलीने दिशा काढावी आणि मग फोनवर ताडून पाहावी. सूर्य मावळायला किती वेळ आहे याचा अंदाज घेण्यासाठी हात लांब करून सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये बोटे आडवी धरावीत. एका बोटाला साधारण पंधरा मिनिटे, म्हणजे चार बोटे उरली की तासाभरात अंधार पडू लागणार. वाट चुकल्यासारखे वाटले तर थांबणे, बसणे आणि आलेल्या वाटेवरची शेवटची ओळखीची खूण आठवणे याचा सराव मुद्दाम करावा, कारण चुकलेला माणूस जोरात चालू लागतो. शिटी जवळ असावी आणि तीनदा थांबून थांबून वाजवावी. घसा बसल्यावरही ती वाजत राहते.

जाळ करून पाहण्याचा मोह पुष्कळांना असतो. फेब्रुवारी ते मे या काळात वाळलेल्या गवतात तो करूच नये, आणि आग्या मोहोळ असलेल्या कड्याखाली किंवा लेण्यांजवळ कधीही करू नये. मोहोळ उठलेच तर डोके-तोंड उपरण्याने झाकून सरळ दूर धावत जावे आणि घरात किंवा गाडीत शिरावे. पाण्यात बुडी मारून उपयोग होत नाही, माशा वर वाट पाहतात. बिबट्या समोर आला तर नियम उलटा असतो : पळू नये, वाकू नये, लहान मूल उचलून घ्यावे, मोठ्याने बोलत हळूहळू मागे सरकावे. या दोन उत्तरांची अदलाबदल आमच्याकडच्या परीक्षेत दोघांनी केली होती.

पाचवी पायरी : गुण आणि फेरपरीक्षा

खात्रीने लिहिलेल्या बरोबर उत्तराला दोन गुण, अंदाजाने बरोबर आलेल्याला एक, ‘माहीत नाही’ला शून्य, आणि खात्रीने लिहिलेल्या चुकीच्या उत्तराला उणे तीन, असा हिशेब आम्ही ठेवला आहे. या हिशेबात आमच्या घरात सर्वांत जास्त गुण नववीतल्या भाचीला पडले, कारण तिने आठ ठिकाणी प्रामाणिकपणे ‘माहीत नाही’ लिहिले होते. मला उणे चार पडले. उणे गुणांची उत्तरे वहीच्या शेवटच्या पानावर लाल शाईने लिहावीत आणि पुढच्या परीक्षेत तेवढेच प्रश्न शब्द बदलून पुन्हा विचारावेत. जुनी समजूत एकदा खोडल्याने जात नाही, घाईत ती परत वर येते.

आम्ही फेरपरीक्षा वर्षातून दोनदा घेतो, मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा. मृगाच्या आधीच्या परीक्षेला जोडून एक काम ठरलेले आहे : जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात जाऊन सापाचे प्रतिविष सध्या आहे का, रात्री डॉक्टर असतात का, नसतील तर पुढे कुठे न्यायचे, हे विचारून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर तारखेसह लिहायचे. गेल्या वर्षीच्या मृगाला जे उत्तर मिळाले होते ते या वर्षी बदललेले निघाले, आणि त्यामुळे आमच्या आखाड्यावरून रात्री निघायचा रस्ताही बदलला.